फोनमधला नवा ब्राउझर

मंगळवार, संध्याकाळ. किकवी

हा नवा ब्राउझर तरी गप्प बसेल का? त्याचं नाव गावात कुणी ऐकलेलं नाही, म्हणूनच मला बरा वाटला. शोधलेलं सगळं पुसून टाकतो म्हणे. पण मग फुकट का देतात?

मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, गर्भपिशवी काढावी लागेल. खरंच काढावी लागते का, ते मी घरात सगळेच वापरतात त्या मोबाईलवर, जुन्या ब्राउझरमध्ये पाहिलं. घरात कुणाला बोलले नव्हते. तेव्हापासून पिशवीच्या ऑपरेशनची ती गुलाबी जाहिरात पाठ सोडेना. ह्यांच्या क्रिकेटमध्ये तीच, सासूबाईंच्या कीर्तनाआधीही तीच. आधी मला जावेचाच संशय आला, तिनेच फोन चाळून हे मुद्दाम लावलं असेल म्हणून. पण ती बिचारी कधीची माहेरी, हिर्डोशीला. म्हणजे चुगली केली ती फोननेच.

आज सासूबाई जवळ येऊन बसल्या. "ती गुलाबी जाहिरात सारखी का येती गं? तू काय बघितलंस व्हय?"

मी नाही म्हणाले. त्यांनी उठून दार लोटलं.

"माजी तिशीतच काढली. गरज व्हती का, कुणी इचारलंच न्हाई. तू आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखव. मी येते संगं. घरात सांगू, बाजाराला चाललोय."

मी फोन हातात घेतला. मग नव्या ब्राउझरमध्ये पुण्यातली एक डॉक्टरीण शोधली. सासूबाईंनी तिचा फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ न्याहाळला.

"हिच्याकडं जाऊ," त्या म्हणाल्या. "ही ऐकून घील."