दलदलीतला मका

१५ नोव्हेंबर

शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस फुकट. उजाडायच्या आत मचाणावर चढलो, अंधारून आल्यावर उतरलो. हरीण सोडा, एक खार खाली आली नाही.

उतरून बघतो तर सकाळच्या माझ्याच बुटांच्या ठशांवर दुसरे ठसे. तळहाताएवढे, नखं रोवलेले. मी वर बसून झाडांत डोळे घालत होतो आणि लांडगा खालून माझ्याच वाटेने चालून गेला! घाई नाही, वळणं नाही. जशी काही वाट त्याचीच.

वडिलांनी आणि आर्व्होमामांनी बांधलेल्या या कॅम्पात सहा बिछाने आहेत. यंदा तीनच अंथरले. मी, मामा आणि माझ्या बायकोचा, लोर्नाचा भाऊ ड्वेन. बाकीचे म्हणाले, हरणंच नाहीत तर रजा कशाला घालवायची.

लांडग्यांना बरे दिवस आलेत. आम्हाला नाहीत.

१७ नोव्हेंबर

आज मामांना हरणाचा नर दिसला आणि मामांचा नेम चुकला. ऐंशीला आलेला माणूस, डोळ्यांत पाणी साठतं, हात थरथरतो. तरी रीत ती रीत. नेम चुकला की शर्टाचं शेपूट कापायचं, नाव आणि साल घालून भिंतीवर ठोकायचं. आमच्या भिंतीवर आजोबांचाही तुकडा आहे.

ड्वेनने सुरी परजली. म्हणाला, वळा मामा, कायद्यापुढे म्हातारा-तरणा नाही.

"बेताने काप," मामा म्हणाले. "खाली अजून मीच आहे."

पोट धरून हसलो. मग मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या गरम केल्या, वाफेच्या अंघोळीची सौना पेटवली. सौनात वाफ बसल्यावर मामा हळूच म्हणाले, "चुकला ते बरंच झालं. बहुतेक शेवटचाच होता."

मग मनातलं बोलले. कॅम्प त्यांच्या नावावर आहे. हरणं हिवाळा काढतात त्या सीडरच्या दलदलीतून वसंतात ती बाहेर पडली तर कॅम्प राहील. नाही पडली तर विकून टाकणार. इथे येऊन नुसते पत्ते कुटायचे तर ते घरीही कुटता येतात, म्हणाले.

ड्वेनने तापल्या दगडांवर पाणी ओतलं. मी वर बघितलं. माझ्या वडिलांच्या हातच्या तुळया आहेत या.

३० नोव्हेंबर

मोसम संपला. गावातल्या पेट्रोलपंपासमोर शिकार टांगायचा आडवा खांब आहे, त्यावर यंदा दोनच नर टांगलेत. मी लहान असताना त्या खांबाला मधून टेकू द्यावा लागायचा.

खालच्या, दक्षिण मिशिगनच्या शहरांतली माणसं घरात बसून लांडग्यांची चित्रं भिंतीवर लावतात. लावा! हिवाळ्यात इथे येऊन राहा आणि मग लावा.

रात्रीच्या प्रार्थनेत शत्रूंसाठीही मागायचं असतं. आज मागितलं नाही. देवाला ठाऊक आहे, मी का सांगू?

१२ डिसेंबर

गावच्या सभागृहात सभा. वन्यजीव खात्याकडून एक बाई आल्या होत्या, हॅलोरन म्हणून. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. भिंतीवर नकाशे दाखवले. म्हणे लागोपाठचे कडक हिवाळे, म्हणे जंगल जून झालंय, कोवळं खायला उरलं नाही, आणि हो, लांडगेही. लांडगे शेवटी! मागून कोणीतरी ओरडला, "बाई, तुमच्या नकाशाला दात आहेत का?"

मग त्यांनी खाण्याचा विषय काढला. बर्फ पडल्यावर हरणांना मका घालू नका. थंडीत त्यांचं पोट काटक्या-सालींना सरावलेलं असतं. एकदम दाणे पडले की आत आंबतं. भरल्या पोटी मरतात.

मी सहसा सभेत तोंड उघडत नाही. पण उठलो. म्हटलं, "तुम्ही कधी उपाशी राहिलात का, बाई?"

अख्खं सभागृह हसलं. टेबलं बडवली. बाईंनी कागद गोळा केले. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाल्या की मीसुद्धा हरणांच्याच बाजूची आहे. मी टोपी घातली आणि निघालो.

परतताना ड्वेन गाडी हाकत सारखं तेच म्हणत होता — दाजी, काय हाणलंत! मलाही बरं वाटलं. खोटं का लिहू.

१८ जानेवारी

सरोवराकडून वारा आणि बर्फ, वारा आणि बर्फ. छातीएवढं साचलंय. हरणं दलदलीत अडकलीत. बर्फात न रुतणारी जाळीची पायताणं बांधून जाऊन आलो. बरगड्या मोजता येतात. सीडरची पानं त्यांची मान पोचते तिथवर ओरबाडून संपलीत, वर हिरवं, खाली उघडं. दरवर्षी दिसणारी कान फाटलेली म्हातारी मादी अजून आहे. मला बघून पळाली नाही. पळायला अंगात काही लागतं.

मामांना सांगितलं. ते म्हणाले, करवत ने. असल्या हिवाळ्यात तुझा बाप मोटरवर चालणारी करवत घेऊन दलदलीत जायचा आणि एकेक सीडर आडवा करायचा. फांद्या त्यांच्या तोंडापाशी येतात. पुढे पुढे तर करवत सुरू झाली की हरणं आवाजाच्या रोखाने यायची, झाड जमिनीला लागायच्या आत!

मलाही आठवतं. वडील मला ओंडक्यावर उभं करायचे, म्हणायचे हलू नकोस. आणि झाडांतून ती यायची.

पण एका माणसाच्या करवतीने किती तोंडं भरणार? आणि वडिलांच्या काळात मागे लांडगे नव्हते. आता घाई आहे. लवकर अंग धरलं पाहिजे त्यांनी. मक्यासारखं दुसरं काय आहे?

२१ जानेवारी

चर्चनंतर पुरुषमंडळींपुढे मका घालायचा विषय काढला. एकानेही नाही म्हटलं नाही. ज्याच्या कोठारात जे पोतं होतं ते आणतो म्हणाले. पाद्रींनी हात जोडून आशीर्वाद दिला. बायकांनी कॉफी पाजली.

कोणीतरी त्या सरकारी बाईंची आठवण काढली. पुन्हा सगळे हसले.

२४ जानेवारी

मका नेला. ड्वेनने स्नोमोबाइलमागे घसरगाडी बांधली होती. वाट तुडवून दलदलीच्या मधोमध ढीग ओतले. पिवळा मका, पांढरं बर्फ. चर्चमधल्या वेदीसारखं दिसत होतं.

आम्ही मागे सरून झाडाआड उभे राहिलो. आधी कान फाटलेली आली. हुंगलं, थबकली, आणि मग डोकं वर काढलंच नाही. मग बाकीची. दाणे चावल्याचा आवाज ऐकू येत होता!

ड्वेन नाक पुसत म्हणाला, थंडीने वाहतंय.

भुकेल्याला घालण्याहून सोपी प्रार्थना मला माहीत नाही.

२८ जानेवारी

फाडलं एक. ढिगापासून थोड्या अंतरावर. बरगड्या वर, आतलं सगळं खाल्लेलं, भोवती लांडग्यांचे ठसे. आम्ही वाढून ठेवलं आणि ताटावर हे येऊन बसले!

एक गोष्ट खटकली. पाठलागाच्या खुणा नाहीत. हरीण पळालं तर बर्फ उधळतं, केस पडतात, रक्ताचे शिंतोडे लांबवर दिसतात. इथे होतं तिथेच पडल्यासारखं. ड्वेन म्हणाला, रात्रीच्या बर्फाने बुजलं असेल.

असेल.

२ फेब्रुवारी

आणखी मेली. तीच तऱ्हा. मरतायत त्याच्या दुप्पट जगवायची म्हणून आज मका वाढवून ओतला.

इतका द्वेष माझ्या अंगात आहे हे मला ठाऊक नव्हतं. लाकडं फोडतो तेव्हा प्रत्येक ओंडका त्यांचं डोकं असतो. लोर्ना म्हणाली, जेवताना तरी जबडा सैल सोडा.

लांडगा मारायला कायद्याने बंदी, म्हणून आमच्याकडे एक म्हण चालते — मारा, पुरा, तोंड मिटा. आजवर मी असल्या बोलण्यातून उठून जायचो. आज ड्वेन बोलत होता आणि मी बसून राहिलो.

६ फेब्रुवारी

ड्वेनने एक लांडगा पाडला. मादी. ढिगापलीकडे पडलेल्या हरणावर वाकून खात होती, वर बघायच्या आत संपली म्हणाला. जमीन लोखंडासारखी गोठलीय, पुरणार कुठे? जुन्या सॉमिलमधल्या, लाकूडगिरणीतल्या भुशाच्या ढिगात ढकलली.

पकडला गेला तर बंदूक जाईल, तुरुंगही होईल. मला सांगायला नको होतं त्याने. पण सांगितल्यावर मी काय केलं? त्याचा हात हातात घेतला.

आनंद झाला. देवाचे आभार मानले. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे म्हणणार नाही.

७ फेब्रुवारी

भरपूर मका ओतला. आज रात्री तरी दलदलीतल्या पोरी निवांत जेवतील.

११ फेब्रुवारी

आज दिवसाउजेडी एकटाच गेलो. ड्वेन कामावर.

ताजं बर्फ, त्यावर एक ठसा नाही. ना लांडग्याचा, ना कोल्ह्याचा. आणि ढिगाभोवती हरणं बसलेली. मला वाटलं, खाऊन सुस्तावलीत. टाळी वाजवली. उठली नाहीत.

कान फाटलेली सीडरच्या बुंध्याला टेकून होती. डोळे उघडे, पापणीवर बर्फ. अंगावर दाताची एक खूण नाही. पोट टम्म.

सुरी काढली. आयुष्यभर हरणं फाडत आलोय, हाताला शिकवावं लागत नाही. पोटाची पिशवी उघडली तर सगळा मका. पिवळा, फुगलेला, पाणी सुटलेला. आंबलेल्या पिठाचा वास आला. दुसरी फाडली. तेच. तिसरीला हात लावला नाही.

लांडग्यांनी मारली नव्हती. मेलेली खाल्ली होती. मेजवानी मी घातली होती.

त्या बाईंनी सगळं सांगितलं होतं. शब्दन् शब्द. मी विचारलं होतं, तुम्ही कधी उपाशी राहिलात का.

आल्यावर हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. वास जात नाही. लोर्ना म्हणते, मला तर कसलाच येत नाही.

१२ फेब्रुवारी

मामांकडे गेलो. ड्वेनही तिथेच होता. दोघांना सांगितलं, आडपडदा न ठेवता.

ड्वेन आधी भडकला. त्या बाईचं ऐकून तुमचं डोकं फिरलं दाजी, मका खाऊन कोणी मरतं का. मी खिशातून रुमाल काढला, त्यात पोटातले दाणे बांधून आणले होते. त्याने वास घेतला. रुमालाची गाठ पुन्हा मारून तो टेबलावर ठेवला.

"मग त्या लांडगीला मी कशासाठी मारलं?" म्हणाला.

तो गाडी घेऊन गेला. दारही आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मामा खुर्चीतून उठले, भिंतीला धरत धरत फडताळापाशी गेले आणि सुरी घेऊन आले.

"वळ, वेस."

म्हटलं, मी गोळी झाडली नाही, मामा.

"करवत कुठे टांगलेली असते ते तुला ठाऊक होतं. वळ."

वळलो. हात थरथरत होता त्यांचा, पण कापलं सरळ. नाव आणि साल माझ्याकडूनच लिहून घेतलं. म्हणाले, कॅम्पावर जाशील तेव्हा ठोक, माझ्या तुकड्याशेजारी जागा आहे. कॅम्पाचं काय ठरलं ते मी विचारलं नाही. त्यांनी काढलं नाही.

लांडग्यांवरचा राग गेलेला नाही. कोणी वाचणार असतं तर मोठ्या मनाचं काहीतरी लिहिलं असतं. ते आहेत म्हणून हरणं बुजतात, कमी होतात, हे आजही खरंच वाटतं. पण या हिवाळ्यापुरतं त्यांच्या दोषाचं पारडं माझ्याहून हलकं आहे.

१३ फेब्रुवारी

तुकडा ठोकला. उरलेला मका खोऱ्याने भरून पोत्यांत घातला. बर्फात मुरलेला निघत नाही. गुडघ्यांवर बसून हाताने वेचला.

पाद्रींना फोन करून सांगितलं. दुसऱ्या गावांनीही मका मागवलाय म्हणाले, आमचं बघून. ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन केले. निम्मे हसले. एकाने विचारलं, सरकारकडून काही मिळतंय का रे तुला?

त्या हॅलोरनबाईंना फोन लावला. त्यांनी उचलला आणि मला माझं नाव सांगावं लागलं. त्यांनी ओळखलं. ओरडल्या नाहीत. कुठल्या झाडाच्या फांद्या आधी पाडायच्या ते सांगितलं — माझ्या वडिलांनी सांगितली असती तीच.

१६ फेब्रुवारी

वडिलांची करवत घेऊन दलदलीत गेलो. ऊन उतरेपर्यंत चालवली. सीडर आडवे केले, फांद्या पसरल्या, ओंडक्यावर उभा राहिलो, हललो नाही. कोणी आलं नाही.

करवत बंद केली तेव्हा सॉमिलच्या भुशाच्या ढिगाकडून एक लांडगा ओरडला. एकटाच. थांबला, पुन्हा ओरडला. त्यालाही कोणी उत्तर दिलं नाही.

मी दोरी ओढून करवत पुन्हा सुरू केली.