सात दिडेपाशी थांबणारी पोरं

ज्येष्ठ शु. ५
कोल्हापुराहून दरबारचा नवा अभ्यासक्रम आला. सांजेचा परवचा बंद. पाढे घोकायचे नाहीत, वस्तू दाखवून समजवायचे. दीडकी, म्हणजे दिडाचा पाढा, तर कायमची रजेवर. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय! पण महिनाअखेर दिपोटीसाहेब तपासणीला येणार, म्हणजे करणं आलं.

ज्येष्ठ शु. ८
भाकरी मोडून दीड दाखवली. वर्षभर न कळलेलं बाबूला आज कळलं. पद्धत चांगली आहे. भाकरी मात्र माझी गेली.

सांजेला पिंजाऱ्याची हुसेनबी नेहमीसारखी पायरीवर येऊन बसली. तिची पोर ऐशा मानमोडीच्या साथीत गेली. दीडकी ऐशा सांगायची, बाकीची मागून म्हणायची. सात दिडेला ती हमखास अडखळायची. पोरं थांबायची, मग "साडेदहा!" ती गेली, तरी पोरं तिथं थांबतातच. हुसेनबी येते ती तेवढ्यासाठी.
"मास्तर, आज पोरं गप का वो?"
"वरचा हुकूम आहे."
"त्या थांबण्यात माझी पोर येती की वो. आता कुठं यायची ती?"
कुलूप लावलं.

ज्येष्ठ व. २
फळ्यावर दीड दीड भाकरीच्या जोड्या काढून मोजायला लावल्या. सातवी जोडी आली आणि वर्ग गप. नेसरीहून परवाच आलेला गणू, त्यानं ऐशाला पाहिलंही नाही, तोही गप. सगळ्यांच्या नजरा खिडकीखालच्या रिकाम्या जागेवर. भ्यालो. खोटं कशाला लिहू.

ज्येष्ठ व. ९
दिपोटीसाहेब आले. भाकऱ्या पाहून खूश. नेमकं विचारलं, "सात दिडे किती?" वर्ग गप.
"का थांबली ही?"
"विचार करतात, साहेब."
"वा! हेच पाहिजे. घोकंपट्टी गेली बघा."
शेरा उत्तम मिळाला. जेवण गेलं नाही.

ज्येष्ठ व. १०
पोरं घरी गेल्यावर हुसेनबी आली.
"तुमी तरी म्हणा की, मास्तर. कोन ऐकतंय?"
दार लोटून घेतलं नि हुकूम मोडला. एक दिडे दीड, दोन दिडे तीन... सात दिडेला आवाज आपोआप थांबला. बाहेर ती श्वास धरून. मी खिडकीखाली बघायचं टाळलं. साडेदहा तिनं म्हटलं नाही, मीही नाही. दिवेलागण झाली तसे दोघंही उठलो.
दीडकी तिथंच राहिली आहे.