दर पाच तारखेला

३ मार्च

आज अखेर कार्डाचं पाकीट फोडलं. दोन वर्षं ही पाकिटं ऑफिसच्या पत्त्यावर येतात आणि न उघडता खणात जातात; आठवेल तेव्हा अंदाजाने एखादा चेक टाकतो, एवढंच. बाकी १,४२,६००. मी दोन लाखांच्या तयारीत होतो! गणित पहिल्यापासून कच्चं. संस्कृतात पैकीच्या पैकी.

ही सगळी माझ्या त्रैमासिकाची कृपा. अकरा अंक, वर्गणीदार त्रेसष्ट, पैकी नातेवाईक चाळीस. छापखान्याची बिलं कार्डावर. बंद केलं तेव्हा बायकोने विचारलं होतं, 'कुणाचं देणं नाही ना राहिलं?' मी म्हणालो, 'छे.' पंचवीस वर्षांच्या बातमीदारीत इतक्या कमी अक्षरांत एवढं खोटं छापलेलं नाही.

४ मार्च

बँकेच्या ॲपवर आपोआप भरणा सुरू केला. एप्रिलपासून दर पाच तारखेला, पगाराच्या खात्यातून. 'किमान रक्कम' की 'ठरावीक रक्कम'? अल्पारंभः क्षेमकरः — किमान निवडली.

७ मार्च

खात्री करायला फोन केला, तर बँकेतली बाई हसली. 'सर, किमान भरत राहिलात तर बरंचसं व्याजातच जाईल. फिटायला पंधरा-वीस वर्षं.'

'तोवर मी निवृत्त.'

'मीसुद्धा, सर.'

ठरावीक दहा हजार करून घेतले. कार्ड वापरायचंही नाही म्हणाली. शब्दकोशात ठेवून दिलं, 'ऋ'च्या पानात.

८ एप्रिल

दहा हजारांचा पहिला हप्ता गेला. व्याज धरून १,३६,८०० उरायला हवेत. ॲप म्हणतं १,३३,८००. तीन हजार कमी! तीनदा मांडून पाहिलं. शेवटी उपसंपादकाला दाखवलं. तो म्हणाला, 'हिशेब बरोबर आलाय तुमचा. तब्येत बरी आहे ना?'

बँक चुकते, आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने? ही तर पहिल्या पानाची बातमी.

९ एप्रिल

पुन्हा तीच बाई. 'चूक नाही, सर. दर बावीस तारखेला दुसऱ्या एका खात्यातून तीन हजार येतात. तेही आपोआपच. चौदा महिने झाले.'

'कोण भरतं?'

'नाव सांगता येत नाही.' मग जरा हळू — 'आडनाव तुमचंच आहे.'

या आडनावाची कमावती माणसं घरात दोनच. खणातली पाकिटं एकेक फोडली. चौदा महिने, दर बावीस तारखेला तीन हजार जमा, स्वच्छ छापलेले. शहरभर चौकशा करत हिंडणारा मी, स्वतःचा खण सोडून.

११ एप्रिल

दोन दिवस बायकोचं निरीक्षण चालू आहे. डबे भरते, चष्मा शोधते, माझ्या बातमीतल्या चुका काढते. चेहऱ्यावर काही नाही. 'तुला कसं कळलं?' विचारावं, तर आधी कबुली द्यावी लागेल. गप्प बसलो तर वर्ष-दीड वर्षात फिटेल, आणि कुणालाच काही बोलावं लागणार नाही. फार सोयीचं आहे. तेच घशाखाली उतरत नाही.

१२ एप्रिल

सकाळी चहा घेताना सांगितलं. सगळं. तिने कप खाली ठेवला. 'एक पाकीट चुकून घरी आलं होतं. बघत होते — तू आधी सांगतोस, की आकडा आधी संपतो. आकडा संपला असता ना, तर तुला पुन्हा कधी काही विचारणार नव्हते.'