उलटा चढलेला रणगाडा

३ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काकांचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तू मात्र अजून वर्कशॉपमध्ये पाना घेऊन ट्रॅक्टरखाली शिरतेस म्हणे! एकाहत्तराव्या वर्षी तुला कोण आवरणार?

माझ्या कामाची एक गंमत सांगते. तुमच्या भागात पूर्वी ज्याचं शूटिंग झालं होतं, तो जुना रंगीत युद्धपट आमच्या चित्रपट संग्रहालयात दुरुस्तीला आलाय. डाग, ओरखडे काढून तो पुन्हा थिएटरात लावायचाय. शिवाय साहेबांचा हुकूम आहे, की शस्त्रांच्या आणि सामानाच्या चुकाही कॉम्प्युटरवर पुसून टाका. आजचे प्रेक्षक हसायला नकोत. त्यासाठी एक तज्ज्ञ नेमलेत. युद्धपटांतल्या बंदुका आणि रणगाडे ओळखण्यात त्यांचा जन्म गेला. पडद्यावरचा एकेक बोल्ट त्यांना दिसतो, म्हणून आम्ही त्यांना ‘दुर्बीण’ म्हणतो.

त्यांनी काढलेल्या चुका ऐकून पोट धरून हसशील. बंदुका त्या लढाईनंतर कैक वर्षांनी निघालेल्या. पाठीवरचा वायरलेस म्हणजे रंगवलेला बिस्किटांचा डबा. आणि रणगाडा म्हणजे तर आनंदीआनंद! नुसता पत्रा आणि प्लायवूड. खालून चाकं डोकावतात, तीही पुढची मोठी आणि मागची छोटी. असं वाहन जगाच्या पाठीवर नाही, तेव्हा ते दोरानं ओढलं असणार, असं दुर्बिणींचं मत. पोस्टरवर मात्र छापलं होतं, की रणगाडा खुद्द हिरोनं चालवला!

आणि यावर कडी म्हणजे, रणगाडा बांध चढताना वरच्या फटीत एक हात दिसतो. त्याच्या नखांना लालभडक नेलपॉलिश! पुढच्या आठवड्यात तो हात पुसायला घेणार आहे.

उत्तराची वाट बघते. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खारूताई

७ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

त्या हाताला हात लावशील तर खबरदार! तो माझा हात आहे.

नीट वाच. त्या रणगाड्याच्या पोटात आपल्याच वर्कशॉपचा ट्रॅक्टर होता. तुझ्या आजोबांनी तो शूटिंगला दिला होता. वरून एवढं ओझं, त्यात बांधाचा चढ. पुढची चाकं सारखी उचलली जायची. सिनेमावाल्यांचा ड्रायव्हर दोनदा उलटता उलटता वाचला आणि हात जोडून घरी गेला. दिग्दर्शक डोकं धरून बसले. मी एकोणीस वर्षांची, बांधावर पाय सोडून तमाशा बघत होते. शेवटी राहवेना. म्हटलं, त्याचं तोंड फिरवा. चढावर ट्रॅक्टर सरळ घातला की तोंड वर करतो, रिव्हर्समध्ये घातला की निमूट खाली दाबून धरतो. सुतारांनी रणगाड्याचा सांगाडा काढून उलटा बसवला. म्हणून तुमच्या दुर्बिणींना मोठी चाकं पुढे दिसतात! मीच आत बसले, मान मागे वळवली, एका हातानं फटीची कड धरली आणि एका दमात वर नेला.

पोस्टरवर हिरो होता, म्हणून दिग्दर्शकांनी गप्प राहायची विनंती केली. आजोबांनी शब्द दिला. मी तो पाळला. आता शब्द घेणारेही गेले आणि देणारेही.

आणि ती नखं तुझ्या आईनं रंगवली होती गं. मैत्रिणीच्या लग्नाला जायचं होतं, तर मला पकडून बसवलं आणि एकेक नख फुंकर मारून वाळवलं. तिला जाऊन चार वर्षं झाली. तिच्या हातचं ते तेवढं कुठेतरी शाबूत आहे, आणि तू, तिचीच पोर, ते पुसायला निघालीस?

रागावले नाही. पण लवकर काहीतरी कर. जिवाला जप.

तुझी,
मावशी

१२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कामाच्या टेबलाशीच वाचलं आणि सगळ्यांदेखत रडले. मग ती फ्रेम मोठी करून बघितली. अंगठ्याचं पॉलिश थोडं बाहेर गेलंय. आईचंच काम! तिला घाईच फार.

पत्र घेऊन तशीच साहेबांकडे गेले. साहेब विरघळले, पण दुर्बीण हटेनात. म्हणाले, गोष्ट गोड आहे. पण तेवढं ओझं घेऊन ट्रॅक्टरनं तो बांध चढणं शक्य नाही, आणि मला सिनेमातल्या थापांचा वीट आलाय. साहेबांनी काम रविवारपर्यंतच थांबवलंय. रविवारी दुर्बीण स्वतः तुझ्याकडे येतील. त्यांची खात्री पटली नाही, तर सोमवारी तो हात मलाच पुसावा लागेल.

मावशी, भीती वाटते गं. हवं तर हाताखालच्या मेकॅनिकला बसव. तू चढू नकोस. आई गेल्यावर मला तू एकटीच आहेस.

काकांना नमस्कार.

तुझी,
खारूताई

१९ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

मेकॅनिकला बसव म्हणे! त्याचा हात दिसतो का सिनेमात?

तुझे दुर्बीण आले. माणूस वाईट नाही, फक्त ऐकून घेत नाही. त्यांच्यासमोरच ट्रॅक्टरवर पत्रे आणि फळ्या बांधल्या. वजनाचा अंदाज त्यांनीच घेतला. वर्कशॉपमागच्या खाणीचा चढ त्यांनी चालून पाहिला आणि म्हणाले, की सिनेमातला बांध याहून सोपा होता. मी म्हटलं, मग तर बरंच!

आधी सरळ घातला. थोडा चढला आणि पुढची चाकं हवेत. दुर्बीण ओरडले, पुरे, उतरा! काकांनी डोळे मिटून घेतले. मी अलगद खाली घेतला, तोंड फिरवलं, रिव्हर्स टाकला, क्लच सोडला. इंजिनानं आवाज धरला आणि अंगाला सगळं आठवलं. माझी मान कधी वळली आणि हातानं पत्र्याची कड कधी पकडली, ते मलाही कळलं नाही. थेट वरती जाऊन थांबले!

खाली बघते तर दुर्बीण टोपी उडवत चढ धावत येताहेत. धापा टाकत म्हणाले, की आयुष्यभर चुका मोजल्या, पण चुकीच्या आत माणूस सापडला तो आजच. मग लहान मुलासारखे हट्टाला पेटले, की मलाही एकदा बसवून वर न्या. नेलं! वाटेत दोनदा किंचाळले.

जेवताना फोनवर तुझ्या साहेबांना अशा काही आवेशात सांगत होते, जणू ट्रॅक्टर यांनीच चढवला!

खुशाल आहे. कंबर मात्र चार दिवस बोलणार.

तुझी,
मावशी

२ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलीस! साहेबांनी ठरवलंय, की डाग आणि ओरखडे तेवढे काढायचे. बंदुका, डबा, चाकं, हात, सगळं होतं तसं राहील. चुका कोणत्या आणि त्या का झाल्या, हे दुर्बीण खेळाआधी सांगणार आहेत. हिरो आता थकलेत, पण त्यांनी आपणहून फोन केला. म्हणाले, त्या डिझेलच्या वासानं मला मळमळायचं, मी आत कधी बसलोच नाही. त्या मुलीला माझा सलाम सांगा.

आणखी एक गोष्ट आहे, पण ती पडद्यावरच बघ. शनिवारी काकांना घेऊन ये. स्टेजवर माझं काम असेल, तेव्हा तुझ्या शेजारी बसता येणार नाही, एवढं माफ कर.

तुझी,
खारूताई

११ एप्रिल

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

सुखरूप घरी पोचलो. तुला स्टेजवरून जे दिसलं नसेल, तेवढं लिहिते.

माझ्या शेजारी एक अनोळखी बाई होत्या. रणगाडा बांध चढायला लागला तशी त्यांनी माझा दंड धरला आणि कानात सांगितलं, की बघा बघा, आत एक मुलगी आहे, ती चालवतेय! मी म्हटलं, हो का? पडद्यावर ती पाच नखं केवढी मोठी दिसली गं! तुझी आई असती तर म्हणाली असती, पॉलिशचा अजून एक हात द्यायला हवा होता.

आणि शेवटी पाट्या सुरू झाल्या. अख्ख्या पडद्यावर माझं एकटीचं पूर्ण नाव, आणि खाली ‘रणगाडाचालक’. शेजारच्या बाई टाळ्या वाजवत होत्या. मला मात्र टाळीनं भागेना. दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली, की पुढच्या रांगा दचकून वळल्या. तू ओळखलंस, माझ्याकडे बोट केलंस, आणि सगळं थिएटर उठून उभं राहिलं.

काल घरात शिरताना काका म्हणाले, जरा जपून, डोकं चौकटीला लागेल. पाच फुटांची बाई मी! पण खरं सांगू, वाकले हो.

येत राहा, लिहीत राहा. आमचा जीव तुझ्यात आहे, हे तुला सांगायला नको.

तुझी,
मावशी