तुरीच्या ताटात युरिया

इस्लामपूर, १४ जुलै २०२४

ती. मनुआक्कास, धाकट्या जोतिबाचा शि. सा. न. वि. वि.

फोन तू मधेच ठेवून देतेस, म्हणून कागदावर लिहितो. तू मोतीबिंदूसाठी मिरजेला होतीस, तेव्हा मी आटपाडीला तुझं रान बघून आलो. दीड एकरात बाजरीच्या दोन ओळी, मग तुरीची एक. याला तू शेती म्हणतेस! आमच्या बांधावरचं गवत यापेक्षा पोसलेलं असतं. शेजारचा धुळा म्हणाला, आक्का बाजरीच्या बुडाशी चिमूटभर खत टाकतात आणि तुरीला तेवढंही देत नाहीत. फौजेत मी सोळा वर्षं खेचरं सांभाळली. रसद नाही तर चाल नाही, एवढं मला कळतं.

म्हणून ओढ्याकडच्या निम्म्या रानात मी स्वतः दोन पोती युरिया विस्कटला, उसाला विस्कटतो तसा. आता पैज. माझं निम्मं सरस ठरलं, तर तू बिऱ्हाड हलवून इथं यायचं आणि रान मी वाट्यानं लावीन.

लोभ आहेच, अकलेतही थोडी वाढ व्हावी.

जोतिबा

बोरेवाडी, ता. आटपाडी, २२ जुलै

चि. जोतिबास, मनुआक्काचे आशीर्वाद.

डोळा बरा हाय. तुझे प्रताप बांधावरनंच दिसले. पाटाचं पाणी सोडायचं आन खत फेकायचं, उसवाल्याची अक्कल तिथंच संपती. आमचं पाणी आभाळात असतंय. तुरीच्या मुळाला गाठी असत्यात, ती आपलं खत आपणच करती. पेरताना शेणखत आन थोडं सुपर फॉस्फेट दिलं की तिचं भागतं. बाजरी मात्र तुझ्यासारखी खादाड, तिला पाऊस झाल्यावर बुडाशी मूठभर द्यावं लागतं. तू दोघींच्या ताटात एकच वाढलंस. आता बाजरी माजणार, तुरीवर सावली धरणार आन उघडीप पडली की सगळी ओल पिऊन बसणार.

पैज कबूल. हरले तर येईन. पण चाळीस वर्षं ह्या मातीत घातली हायती, ती सोडताना जीव तुटंल, हे बी लिहून ठेवते.

लोभ असू दे, युरिया नको.

मनुआक्का

इस्लामपूर, ३ ऑक्टोबर

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

शेजारच्या धुळ्याकडून कळलं, बाजरी मळून झाली. माझ्या निम्म्यात पाच पोती, तुझ्यात चार. पुरुषभर उंच होती म्हणे. चाळीस वर्षांचं शहाणपण एका पावसाळ्यात उघडं पडलं, वाईट वाटून घेऊ नकोस. रविवारी टेम्पो पाठवतो. ट्रंक आणि भांडी बांधून ठेव. मागची खोली रंगवून घेतली आहे.

लोभ हरल्यावरही राहावा.

जोतिबा

बोरेवाडी, १९ जानेवारी २०२५

चि. जोतिबास आशीर्वाद.

तुझा टेम्पो मोकळा परत धाडला, तवापासनं तू फोन उचलत न्हाईस. तूर अजून रानात उभी हाय, असं मी ड्रायव्हरला सांगितलं हुतं. त्यानं तरी सांगितलं का न्हाई कुणास ठाऊक. ऊस एकदा तुटला की कारखान्याला जातो, म्हणून तुला वाटतं सुगी एकदाच असती. आमची दोनदा असती, गड्या. बाजरी गेल्यावर तूर वाढती.

परवा तूर बडवली. माझ्या निम्म्यात दोन पोती. तुझ्यात एक पायली, ती बी किडकी. ऑगस्टात तीन आठवडे पाऊस न्हवता, तुझ्या माजलेल्या बाजरीनं सगळी ओल वढली आन सावलीतली तूर वाळून गेली. एक पोतं बाजरीसाठी दोन पोती तूर घालवलीस. खेचरांनी तुला सोळा वर्षं कसं सोसलं, देव जाणे. मी कुठंबी येत न्हाई. तूबी माझ्या रानात पाय ठेवू नकोस.

लोभ लांबूनच बरा.

मनुआक्का

इस्लामपूर, २७ जानेवारी

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

हरलो. खत चुकलं, हेही कबूल.

तुझं रान मला कधीच नको होतं. माझ्या राजवर्धनची आई गेली, पोरगा पुण्याला. बारा एकर ऊस आहे आणि घरात दिवसभर बोलायला कुणी नाही. इथं ये म्हटलं असतं तर तू आली नसतीस, म्हणून शेतीला नावं ठेवली. आता रागावू नकोस, एवढंच मागणं.

जोतिबा

बोरेवाडी, ४ फेब्रुवारी

चि. जोतिबास आशीर्वाद.

तुझ्याएवढा गाढव तुमच्या वाळवा तालुक्यात दुसरा नसंल. कोरडवाहू रान शिमग्यापासनं रोहिणीच्या पावसापर्यंत पडीकच असतंय. मी ते तीन महिने भिताडाकडं बघत बसते, वीरधवल पल्टणीत, सून त्याच्यासंगं. आक्का, उन्हाळाभर ये, एवढं एकदा म्हणाला असतास, तर दर वर्षी आले असते.

होळी झाली की टेम्पो धाड. पेरणीआधी परत आणून सोडायचं.

मनुआक्का