बांधाकडची ओळ

५ जून
पुन्हा गाठी! डाळिंबाच्या चार झाडांच्या बुडाशी उकरलं, चारहींच्या मुळ्यांवर हरभऱ्याएवढ्या गाठी. सूत्रकृमी. मुळांतला बारीक किडा; दिसत नाही, मरत नाही, झाड पिवळं पाडतो.

आदिनाथ म्हणाला, "बस्स झालं. बाग काढू, ऊस लावू." नवऱ्याचं हे वाक्य हल्ली जेवणाइतकं नेमाचं झालंय. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ही बाग माळ फोडून लावलीय. ते शेजारीच होते. उठून गेले. फार वाईट वाटलं.

८ जून
सोलापूरहून बुरशी आणली – सूत्रकृमीची अंडी खाणारी. शेतीची पदवी घेऊन करकंबात नांदायला आले, तिचा काही तरी उपयोग व्हावा.

अट अशी: बांधाकडच्या ओळीला काहीच घालायचं नाही. दिवाळीनंतर दोन्हीकडची मुळं उकरायची. फरक दिसला तर बाग राहील, नाही तर जेसीबी. अट माझीच! तुलना नसेल तर आदिनाथ कशाला मानेल?

मामा हसले. "बुरशी घालून रोग जातोय व्हय? चोराच्या हातात किल्ल्या दिल्यावानी हाय ह्ये." मग – "आन बांधाकडल्या झाडांनी काय घोडं मारलंय?"

समजावलं. पटलं नाही. तंबाखू मळत गेले.

१२ जुलै
परवा बेंदूर झाला. मामांनी बैलांना पुरणपोळी चारली आणि लगेच भाकड म्हशीलाही. आत्या, म्हणजे सासूबाई, ओरडल्या, "तिला कशाला? तिचा काय सण हाय?" मामा म्हणाले, "दावणीला हाय न्हवं? बगत हुती की बिचारी."

मी मात्र कंटाळलेय. शेणखतात बुरशी मुरवायची, ओल राखायची, ऊन उतरलं की गुळाच्या पाण्यातून बादलीबादलीनं बुडाशी ओतायची. बादली उचलायला बाई मिळत नाही. मीच बाई.

१९ ऑगस्ट
पाठ गेली. झोपते.

९ सप्टेंबर
आजही द्रावण कमी पडलं. संध्याकाळी ड्रममध्ये थोडं उरवून ठेवते, सकाळी राहिलेली झाडं घ्यायला जावं तर दोन बादल्या कमी! दर खेपेला हेच. ड्रमची तोटी गळत असणार. एमसील लावलं.

घरात कुणी विचारत नाही, झाडं कशी आहेत म्हणून. मामा तर ड्रमकडे बघतही नाहीत.

१४ ऑक्टोबर
आदिनाथनं उसाचं बेणं सांगून ठेवलं. मला विचारलं नाही. भांडायचंही त्राण नाही. भाकऱ्या केल्या, झालं.

३ नोव्हेंबर
उकरलं. औषधाच्या ओळीत नवी मुळी पांढरीशुभ्र! गाठी जवळजवळ नाहीतच. मी ओरडलेच. आत्या धावत आल्या – वाटलं विंचू चावला.

मग बांधाकडची ओळ उकरली.

तीही पांढरी. तशीच!

"फरक कुठाय?" आदिनाथ म्हणाला. टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "पाऊस चांगला झाला, मुळी फुटली. तुझी बुरशी घातली काय न घातली काय." गुरुवारी जेसीबी येणार. मामा अक्कलकोटला बहिणीकडे गेलेत. बरं झालं, त्यांच्यासमोर हे नको होतं.

४ नोव्हेंबर
रडून झालं, मग शेजारच्या मल्लिनाथभाऊंकडे गेले. त्यांची बाग उकरायला लावली. पाऊस तोच, बुरशी घातलेली नाही, आणि मुळ्या गाठींनी भरलेल्या! आदिनाथला नेऊन दाखवल्या.

"त्याची जमीन वेगळी. आपली ओळ बघ की. तुझीच अट."

माझीच. बुरशी काम करते, हे मला माहीत आहे. मग त्या ओळीत गाठी का नाहीत? डोकं चालेनासं झालंय.

५ नोव्हेंबर
मामा आले. पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, "बांधाकडल्या वळीची मुळी कशी निगाली गं?"

"पांढरी. तीच तर बोंब आहे, मामा. उद्या बाग काढताहेत."

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. खुलले. "पांढरी निगायचीच की! दर खेपंला भल्या फाटं म्या दोन बादल्या तिकडं वतत हुतो तुज्या ड्रममधल्या. सगळ्यांस्नी वाढायचं आन एका वळीला उपाशी बसवायचं? आपल्या दारात कवा झालंय का आसं?"

आदिनाथ दारातच उभा होता. माझ्याकडे बघितलं. मग खिशातून फोन काढला आणि जेसीबीवाल्याला म्हणाला, "उद्या नका येऊ. – न्हाय, परवाबी नको."