बाहुलीला झोपवताना

ता. ९ मार्च

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मेव्हण्यांचा गुडघा जिना चढू देतो का? तुझी कंबर कशी आहे? तुझ्या सूनबाईंचा खोकला हटला का? आणि मांजरीचा कान बरा झाला का? तिची चौकशी केली नाही तर तू पत्र अर्ध्यातच ठेवशील. आमच्याकडे सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत. आजारी पडलंय ते घर.

दुकान सोडून मला वर्ष झालं, पण आवाज काही खाली आला नाही. जन्मभर पत्रा ठोकला, डबे-बादल्यांच्या गोंगाटात ओरडूनच बोललो. आता मीठ मागितलं तरी सूनबाई दचकते.

गेल्या रविवारी दुपारी झोपून उठलो, तर आमची भिंगरी उंबऱ्यात बसली होती. पाच वर्षांची झाली आता नात. चिंध्यांची बाहुली मांडीवर घेऊन तिला सांगत होती की, तू नसलीस तरी या घराला पत्ता लागायचा नाही. 

आक्का, हे वाक्य माझं आहे. तुला कधी सांगितलं नाही. तुझी भावजय गेली त्या सकाळी चहा गार झाला म्हणून मी तिला नेमकं हेच बोललो आणि तरातरा दुकानात गेलो. दुपारी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून ती गेली. मांडीवर अर्धी निवडलेली भाजी तशीच होती. भिंतीच्या पलीकडे दुकानात आम्ही पत्रा ठोकत होतो. चार वाजेपर्यंत पत्ता लागला नाही. मी म्हटलं तसंच झालं.

त्याला नऊ वर्षं झाली. भिंगरीचा तेव्हा जन्मही नव्हता. मग हे तिच्या तोंडी आलं कुठून? आधी वाटलं, तुझ्या भावजयीनेच ते परत पाठवलं.  मग विचार केला की पोर ऐकते तेच बोलते, म्हणजे पोरगाच बायकोला असं बोलत असणार. संध्याकाळी जेवताना सगळ्यांसमोर त्याला फैलावर घेतलं. तो भरल्या ताटावरून उठला. सूनबाई रडली. तेव्हापासून अबोला आहे. कारखान्याने त्याला दोन खोल्या देऊ केल्या आहेत, महिनाअखेर ते तिकडे जाणार. सामान बांधायला घेतलंय. भिंगरीही जाईल.

तू त्याची आत्या. तुझा शब्द तो मोडत नाही. त्याला चार ओळी लिही आणि चांगला कान पीळ.

तुझा,
भाऊ

---

ता. १५ मार्च

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मेव्हण्यांचा गुडघा पाच पायऱ्या चढतो आणि सहावीवर माझ्यावर चिडतो. कंबर आहे तिथेच आहे. सूनबाईंचा खोकला थांबला. मांजर मजेत. डब्यांवरची नावं वाचत वाचत तू अक्षरं शिकलास, म्हणून लिहितोसही पाटीसारखं ठळक. यावेळी मात्र मधल्या चार ओळी इतक्या बारीक होत्या की त्या वाचायला मी खिडकीशी गेले, आणि वाचून तिथेच खाली बसले.

बाबा रे, ते वाक्य तुझं नाही. आपल्या बाबांचं आहे. तू रांगत होतास. ते आईला म्हणायचे, मी कोपऱ्यात भांडी पुसत ऐकायची. पुढे तुझ्या जिभेवर ते कसं चढलं, तुलाही कळलं नसेल. मी काय वेगळी? एकदा दूध उतू गेलं म्हणून सूनबाईला हेच बोलले. तिने हातातली वाटी खाली ठेवली, जराही आवाज न करता. तो न झालेला आवाज मला अजून ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ जाऊन चुकले म्हणाले, तेव्हा कुठे घास उतरला.

कान मी पिळणार नाही. पिळलाच तर तुझा पिळीन. नव्या डब्यात पाणी भरून तो रद्दी कागदावर ठेवायचास, कागद भिजला तरच सांध्याला दोष द्यायचास. पत्र्याला एवढी माया, आणि पोटच्या पोराला नाही? हे कुठे ऐकलंस, असं भिंगरीला विचारलंस तरी का? विचार. पण मांडीवर घेऊन, आणि तो दुकानातला आवाज दाराबाहेर ठेवून.

तुझी,
आक्का

---

ता. २७ मार्च

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. आवाज इतका खाली आणला की मलाच परका वाटला.

भिंगरी म्हणाली की ती बाहुलीला रागवत नव्हतीच, झोपवत होती. आजोबा रोज दुपारी झोपले की हळूच असं म्हणतात आणि मग घोरतात. म्हणून तीही बाहुलीला तेच म्हणते. बाहुलीला लगेच झोप लागते, हेही तिने सांगितलं.

नऊ वर्षं जागेपणी हे वाक्य मी ओठांवर येऊ दिलं नाही. आणि रोज दुपारी मीच ते या घरात सोडत होतो. हळूच म्हणे. जन्मात एकच गोष्ट हळू बोललो, ती ही.

पोराकडे गेलो. लेकाची माफी कशी मागतात ते कुणी शिकवलं नव्हतं. चुकलो, एवढंच म्हणालो. आतून सूनबाई म्हणाली की, मामंजी, रागावलात ते गल्लीभर ऐकू गेलं, चुकलात ते मात्र मला स्वयंपाकघरातही ऐकू आलं नाही. मग पुन्हा मोठ्याने म्हणालो. समोरच्या खिडकीतला शिंपी मशीन थांबवून बघायला लागला.

पोरगा बराच वेळ हातातल्या दोरीची गाठ बांधत-सोडत राहिला. मग म्हणाला की आई गेली त्या सकाळी तो दाराआड उभा होता. त्याने ऐकलं होतं. म्हणून लग्न झाल्यापासून राग आला की तो जिन्यात जाऊन बसतो, पण बायकोला उणा शब्द बोलत नाही. आक्का, अशा पोराला मी ताटावरून उठवलं.

आता दुपारी आडवं होण्याआधी मी भिंतीकडे तोंड करून तुझ्या भावजयीशी दोन शब्द बोलतो. चहा चांगला होता, मीच उशिरा आलो, असं काहीबाही. सुट्टीच्या दिवशी पोरगा उशाशी बसतो. ओठ हलायला लागले की खांद्यावर हात ठेवतो. एकदाही हलवून उठवलं नाही त्याने.

काल त्याला कामावर जायचं होतं, म्हणून भिंगरी बसली. उठल्यावर तिला विचारलं, आज मी काय म्हणालो. ती म्हणाली की आज आजोबा बोललेच नाहीत. नुसते ऐकत होते, आणि मधूनमधून हं म्हणत होते.

कोणाचं ऐकत होतो, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

सामानाची दोरी अजून सुटलेली नाही. पण खोल्यांची किल्ली आणायलाही पोरगा गेलेला नाही. महिना संपायला चार दिवस आहेत. त्याआधी तुझं पत्र आलं तर बरं. घरात सगळ्यांना वाचून दाखवीन, हळू आवाजात. लोभ आहेच, तो राहू दे, आणि लवकर लिही.

तुझा,
ठोक्या